कष्टकऱ्यांचे कपडे, बैठ्या कामासाठी : एक मार्गदर्शिका

खाणकामगार, सुतार आणि रेल्वेमजूर यांच्यासाठी बेतलेले कपडे आता लॅपटॉपसमोर बसणाऱ्यांच्या अंगावर आले आहेत. कपड्यांच्या मजबुतीत काही कमी नाही. कमी पडतात ते कष्ट. ही उणीव कशी भरून काढावी, याच्या सूचना क्रमाने देत आहोत.

१. रिविटं तपासा. अमेरिकेत नेवाडातल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. मजुरांच्या विजारींचे खिसे कोपऱ्यांत उसवत, म्हणून त्याने तिथे तांब्याची रिविटं ठोकली. कापड पुरवणाऱ्या लेव्ही स्ट्रॉस यांना भागीदार करून २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंटही मिळवलं. आपल्या खिशात दगड किंवा खिळे नसतात, तेव्हा निदान फोन आणि पॉवरबँक एकाच खिशात कोंबावेत. मागच्या खिशांची रिविटं घोड्याचं खोगीर आणि घरचं फर्निचर ओरबाडतात म्हणून १९३७ मध्ये कापडाखाली लपवली गेली. अस्सल जुन्या धाटणीची, उघड्या रिविटांची विजार हवीच असेल, तर पाहुण्यांकडे उभ्यानेच चहा घ्यावा.

२. विजार उलटी करून पाहा. आतल्या बाजूच्या शिवणीत कापडाच्या दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून समांतर टिपा मारलेल्या असाव्यात. दोरा निघेल अशी कड कुठे दिसता कामा नये. बाहेरच्या शिवणीत मात्र कापडाचा मूळ काठ दिसावा, शक्यतो तांबड्या धाग्याचा. शटलच्या मागावर विणलेल्या, जेमतेम पाऊण मीटर पन्ह्याच्या कापडाची ती खूण. अडचण एवढीच, की हा काठ आत असतो. म्हणून विजार खालून दुमडून घालावी. किती? समोरच्याने विचारेपर्यंत.

३. लूप आणि गुडघे. मांडीवरचं लूप हातोडा अडकवण्यासाठी आहे. त्यात छत्री अडकवल्यास चालेल. ओळखपत्र अडकवू नये, बिंग फुटतं. गुडघ्यांवर कापडाचा दुसरा थर असतो. काही विजारींत तो खालून उघडा ठेवतात, म्हणजे आत गादी सरकवता येते आणि साचलेला भुसा झटकून टाकता येतो. आपण टेबलाखाली चार्जरचा प्लग शोधायला वाकतो, तेव्हा गुडघे टेकायला विसरू नये. भुशाची सोय चिवड्यावर होते.

४. तळपट्टीचा पीळ. तळपट्टीला साखळी टाका असावा, आणि तोही युनियन स्पेशल कंपनीच्या ४३२००जी या जुन्या यंत्रावरचा. हे यंत्र दुमडीचे थर सारखे पुढे ओढत नाही, त्यामुळे काही धुण्यांनंतर पट्टीला दोरखंडासारखा तिरका पीळ पडतो. शिवाय या टाक्याचं एक टोक सुटलं, की दोरा ओढताच सगळी पट्टी मोकळी. गल्लीतल्या शिंप्याने असं काम केलं असतं, तर आपण विजार त्याच्याच काउंटरवर आपटली असती. इथे मात्र जादा पैसे द्यावेत आणि आभार मानावेत.

५. धुणं टाळा. डेनिमचा ताणा निळा, बाणा पांढरा. ताण्याच्या धाग्यालाही नीळ वरवरच लागते, गाभा पांढरा राहतो. जिथे घासलं जाईल तिथे तो उघडा पडतो. सुताराला ही नक्षी मजुरीसोबत फुकट मिळते. आपण ती खुर्चीत चुळबुळ करून कमवायची, आणि तोवर विजार पाण्यापासून आणि घरच्यांपासून जपायची. कापड सॅनफोराइज केलेलं, म्हणजे आधीच आटवून घेतलेलं नसेल, तर एका धुण्यात दहा टक्क्यांपर्यंत आटू शकतं, हे आईला आधीच सांगून ठेवावं. ती पोट कमी करायला सांगेल.

६. खबरदारी. घरी प्लंबर येणार असेल त्या दिवशी हा पोशाख घालू नये. तो पॉलिस्टरच्या ट्रॅकपँटमध्ये येतो, आपल्याकडे आपादमस्तक पाहतो आणि बारा नंबरचा पाना मागतो.