माय हॉबी इज ट्रॅव्हलिंग

गेल्या आठवड्यात एका कौशल्य केंद्रात प्रमुख पाहुणा होतो. (खरा पाहुणा ऐन वेळी आला नाही.) रुग्णसहायकाचा अभ्यासक्रम. वर्गात विशीतल्या पोरींपासून चाळिशी ओलांडलेल्या मावश्यांपर्यंत सगळ्या. अभ्यासक्रमाला ‘स्पोकन इंग्लिश’ जोडलंय, हे संचालकांनी चार वेळा सांगितलं. जोडलंय म्हणजे शर्टाला भलत्याच रंगाचं बटण लावतात, तसं. दुपारी दोन ते तीन, जेवणानंतर.

प्रात्यक्षिकाला एक मावशी उभ्या राहिल्या. नाव, गाव झालं आणि म्हणाल्या, “माय हॉबी इज ट्रॅव्हलिंग.” टाळ्या. चहाच्या वेळी विचारलं, कुठं कुठं फिरता?

“कर्जत ते दादर. रोज. उभ्यानं.”

पुढल्या महिन्यात या मावशी वॉर्डात जातील. तिथं त्यांना छंद कोणी विचारणार नाही. केसपेपरवर असेल बीडी, टीडीएस, एसओएस. टीडीएस म्हणजे पगारातून कापतात तो नव्हे, गोळी दिवसातून तीनदा. एसओएस म्हणजे बुडणारं जहाज नव्हे, ‘लागलीच तर द्या’. गंमत म्हणजे ही अक्षरं मुळात इंग्रजीही नाहीत, लॅटिन आहेत. हे शिकवता का, असं इंग्रजीच्या सरांना विचारलं. म्हणाले, “ते टेक्निकल. मॅडमकडे येतं.” मॅडमना विचारलं. म्हणाल्या, “ते इंग्लिश ना? सरांकडे.”

शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंगची बॅच. इंग्रजीचे सर तेच. फळ्यावर विरुद्धार्थी शब्द: करेक्ट-इनकरेक्ट, व्हिजिबल-इनव्हिजिबल. कोपऱ्यात थिनरचा डबा, त्यावर लाल अक्षरांत ‘इनफ्लेमेबल’. रिक्षा विकून वेल्डिंग शिकायला आलेल्या एका पस्तिशीच्या गृहस्थांना म्हटलं, याचा अर्थ काय हो? त्यांनी फळ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, “न पेटणारं!” नियम चोख लावला होता बिचाऱ्यांनी. थिनरला मात्र व्याकरण येत नाही, ते पेटतं. याच घोटाळ्याला घाबरून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी ‘फ्लेमेबल’ असं सुटसुटीत लिहायचा आग्रह धरला. आपल्या डब्यावर अजून जुनंच.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर, तिथल्या वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांनी २००४ च्या सुमारास ‘आय-बेस्ट’ नावाचा प्रकार काढला. त्याआधी बाहेरदेशातून आलेल्या माणसानं आधी इंग्रजी पुरं करायचं आणि मग धंदा शिकायचा, अशी रीत. पोट तेवढं थांबत नसे, माणसं मध्येच गळायची. मग त्यांनी एकाच वर्गात दोन शिक्षक उभे केले, एक धंद्याचा आणि एक भाषेचा. हातात घेतलेल्या वस्तूचंच इंग्रजी, तिथल्या तिथं.

हे मी संचालकांना सांगितलं. ते म्हणाले, “दोन शिक्षक म्हणजे दोन पगार.” विषय संपला.

खरं तर आपल्या गॅरेजवाल्यांनी हे फुकटात करून दाखवलंय. बेरिंग, गास्केट, वायसर, क्लचप्लेट हे शब्द पोरगं पाना हातात घेऊनच शिकतं. उस्ताद एकदाच सांगतो, दुसऱ्यांदा पाना फेकून मारतो. स्पेलिंग येत नाही, पण गास्केट मागितल्यावर वायसर येत नाही.

निघताना मावशी फाटकापाशी भेटल्या. पाहुणेपण अंगात होतंच, म्हणून परीक्षा घेतली. म्हटलं, पेशंटच्या पलंगाला ‘एनबीएम’ अशी पाटी दिसली तर काय समजाल?

“निल बाय माउथ. पाणीसुद्धा द्यायचं नाही.”

वा! सरांनी शिकवलं?

“नाही हो. सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या सकाळी त्या पाटीखाली बसून मीच त्यांना चहा-बिस्कीट दिलं होतं. ऑपरेशन दोन दिवस पुढं गेलं. तेव्हापासून पाठ आहे.”