पंचनामेकाका

गाडीची काच फुटली की सगळ्यात आधी हजर होतात ते पंचनामेकाका. पोलीस, विमेवाले आणि काचवाला यांचा नंबर नंतर. गाडीच्या मालकाचा तर त्याहूनही नंतर, कारण तो अजून झोपलेला असतो आणि वर जाऊन त्याला उठवण्याचा मानही काकांचाच असतो.

त्यांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमन वाचतो. उभी नोकरी त्यांनी एका सरकारी खात्याच्या भांडारात काढली. तिथे एखादी वस्तू कमी भरली तरी कागद व्हायचा आणि जास्त भरली तर दोन व्हायचे. नोकरी संपली, पण कागद करण्याची भूक राहिली. अंगात चौकडीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं (त्यांतलं एक चालणारं), कमरेला मोजपट्टी आणि हातात विजेरी. विजेरी भर दुपारीही असते. उजेडात माणसाला सगळं दिसतंय असं वाटतं, आणि तिथेच तो फसतो, असं त्यांचं मत आहे.

आमची सोसायटी कोथरूडमधली, त्या काळातली, जेव्हा बिल्डरच्या कल्पनेत मध्यमवर्गीय माणूस जन्मभर स्कूटरवरच बसणार होता. त्यामुळे खाली मोजक्या गाड्या मावतात आणि बाकीच्या रस्त्यावर झाडाखाली राहतात. रस्त्यावरच्या गाड्यांना पक्षी, मुलं, गणपतीच्या मांडवाचे बांबू आणि चोर असे चार शत्रू. पैकी पहिल्या तिघांची नोंद काका वेगळ्या वहीत ठेवतात.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा नंबर लागला. हा मुलगा हिंजवडीला जातो, उशिरा येतो आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात. सकाळी सव्वासहाला त्याची बेल वाजली. दारात काका.

"ऊठ. खाली ये. आणि कशाला हात लावू नकोस."

मुलगा खाली आला तेव्हा मागच्या डाव्या दाराला काच नव्हती. ती सगळी सीटवर, सीटखाली आणि दाराच्या कप्प्यात पसरली होती. भोवती आम्ही सात-आठ जण चहाचे कप घेऊन उभे. काकांनी विजेरी आत फिरवली, मान बाहेर काढली, चष्मा पुसला आणि सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"काच आत पडलीय."

आम्ही गप्प.

"म्हणजे बाहेरून फोडलीय."

तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "आतून कोण फोडेल मेला?" पण ते काकांनी टिपून घेतलं नाही. त्यांच्या पंचनाम्यात महिलावर्गाचे शेरे येत नाहीत.

मग वॉचमनची उलटतपासणी झाली. आवाज कसा आला नाही? वॉचमन म्हणाला, साहेब, मोठा आवाज झालाच नसेल. त्याची अपेक्षा होती की त्याला झोपाळू म्हटलं जाईल, पण काकांचा चेहरा उजळला. त्यांना विषय मिळाला होता. दाराची काच टफन असते, म्हणजे सहाशे अंशांच्या वर तापवून मग थंड हवेच्या झोताने एकदम निववलेली. वरचा थर आधी आकसून घट्ट होतो आणि आतला थर कायम ताणात राहतो. हात आपटला तर ती ऐकत नाही, पण कडेला बारीकशी टोकदार इजा झाली की तो सगळा ताण एका क्षणात सुटतो आणि अख्ख्या काचेचे दाणे होतात. समोरची काच मात्र दोन पातळ काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून चिकटवलेली. ती तडकते पण जागा सोडत नाही. म्हणून चोर पुढच्या काचेच्या वाटेला जात नाही. "त्याचा अभ्यास असतो," काका आमच्याकडे बघत म्हणाले. आमचा नसतो, हे उरलेलं वाक्य त्यांनी चहाबरोबर गिळलं.

एव्हाना त्यांनी सीटवरचे मूठभर दाणे उचलून तळहातावर घेतले होते. "बघा, खडीसाखरेसारखे. कडा बोथट. माणसाला इजा होऊ नये म्हणूनच..." पुढचं वाक्य त्यांनी बोट तोंडात धरून पूर्ण केलं. आजींनी हळद आणली. पंचनाम्यात नंतर नोंद सापडली: किरकोळ जखमी, एक.

"आत काय होतं?"

"बॅग होती काका."

"लॅपटॉप?" काकांनी चालणारं पेन काढलं.

"नाही. लॅपटॉप मी वर आणला होता. बॅगेत डबा आणि जिमचे बूट."

काकांचा उत्साह जरा उतरला. लॅपटॉपमध्ये किंमत असते, मॉडेल नंबर असतो, कंपनीचं पत्र असतं, दोन पानं सहज भरतात. "डब्यात काय होतं?"

"भेंडी. अर्धी उरलेली."

"कालची?"

"कालची."

त्यांनी लिहिलं, 'शिळी भेंडी, अंदाजे एक वाटी', आणि खाली रेघ मारली. मग आला तो प्रश्न, जो आल्याशिवाय आमच्याकडची कुठलीही आपत्ती अधिकृत होत नाही: "पण बॅग दिसेल अशी ठेवलीस कशाला?"

इथे मला थोडं थांबायला हवं. आमच्या भागात सहानुभूती ही नेहमी प्रश्नार्थक वाक्यात येते. पाय मोडला तर तिथून चाललाच कशाला होतास, ताप आला तर पावसात गेलास कशाला आणि घर बुडालं तर तिथे घेतलंच कशाला. त्यामागे दुष्टावा अजिबात नसतो. समोरच्याची चूक सापडली की आपण ती केलेली नाही, म्हणून आपण सुरक्षित आहोत, एवढाच दिलासा माणूस शोधत असतो. काकांची गाडी खालच्या पार्किंगमध्ये, कव्हराखाली असते. स्टेअरिंगला लॉक, गिअरला लॉक, आणि कव्हरलाही साखळी. दसऱ्याला झेंडूचा हार घालायला ती उघडतात. तिची काच फुटणं शक्य नाही. तिच्यातून कोणी कुठे जाणंही शक्य नाही.

पोलीस ठाण्यात काका बरोबर गेले हे सांगायला नको. तक्रार मुलगा सांगत होता आणि भाषा काका दुरुस्त करत होते. हवालदारांनी विचारलं, "आपण कोण?" काका म्हणाले, "प्रत्यक्षदर्शी." "फोडताना पाहिलंत?" "फोडताना नाही, फुटल्यानंतर." हवालदारांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. तिथे काकांची एक जुनी जखम उघडी पडली. भारतीय दंड संहितेची सगळी कलमं त्यांना पाठ होती. चोरीला ३७९, आणि पन्नास रुपये किंवा वरच्या नुकसानीच्या आगळिकीला ४२७. ही पन्नास रुपयांची अट तर ते लग्नाच्या पंगतीतही सांगत. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली आणि एका रात्रीत त्यांच्या पाठांतराची रद्दी झाली. आता चोरी ३०३, आगळीक ३२४. चारशे वीससुद्धा उरला नाही, तो ३१८ झाला. "आता कोणाला तीनशे अठरा म्हटलं तर तो हसतो," परत येताना ते खिन्नपणे म्हणाले.

पण खरे काका बघायचे तर विम्याच्या हिशेबात. मुलगा म्हणत होता, विमा आहे ना, क्लेम टाकू. काकांनी जुन्या कॅलेंडरची पाठकोरी बाजू काढली. काच साधारण चोवीसशेची. काचेच्या भागांवर घसारा धरत नाहीत, म्हणजे रक्कम पूर्ण धरतील. रबर-प्लास्टिक असतं तर निम्मी गेली असती. पण दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपयांची अनिवार्य वजावट आहेच. हातात आले चौदाशे. आता तुझा नो क्लेम बोनस किती? पस्तीस टक्के. म्हणजे तीन वर्षं क्लेम नाही. यंदा गप्प राहिलास तर पुढच्या वर्षी पंचेचाळीस. क्लेम केलास तर शून्य. गाडीच्या नुकसानीपोटीचा तुझा हप्ता नऊ हजार, त्याचे पंचेचाळीस टक्के चार हजार पन्नास. "चौदाशे मिळवायला चार हजार पन्नास सोडणार?" आणि बॅग, बूट, भेंडी? गाडीच्या विम्यात गाडी येते, गाडीतली भेंडी येत नाही.

मुलगा कागदाकडे बघत राहिला. मीही. वाईट हे आहे की काका बरोबर होते. ते बऱ्याचदा असतात. ते चुकत असते तर त्यांना टाळणं किती सोपं झालं असतं.

त्या दिवशी काच मिळेना. आकाश भरून आलेलं. उघड्या खिडकीला काहीतरी लावणं भाग होतं. मुलाने खाकी टेप आणला, तो काकांनी जप्त केला: ऊन लागलं की टेप रंगासकट निघतो. रंगाऱ्यांचा कागदी टेप त्यांच्याकडे होता. (त्यांच्याकडे काय नसतं, हा वेगळा लेख होईल.) प्लास्टिक मात्र कोणाकडे नव्हतं. शेवटी गच्चीवर पाण्याच्या टाकीवर अंथरलेला फ्लेक्स काढला. आमच्या भागातल्या एका भाऊंच्या वाढदिवसाचा. काकांनी मोजपट्टी लावून तो कापला. दारावर आले भाऊंचा एक डोळा, मिशीचा अर्धा भाग आणि 'कार्यसम्राट'मधला 'सम्राट'.

मुलगा म्हणतो की इतक्या सुखाने तो आयुष्यात कधी कर्वे रस्त्यावरून गेला नाही. रिक्षावाले बाजूला होत होते. पीएमपीएमएलने वाट दिली. नळ स्टॉपला मात्र वाहतूक पोलिसाने थांबवलं. खिडकीतून आरपार दिसत नाही म्हणाला. काका पुढच्या सीटवर होतेच. नाना पेठेत काच बघायला त्यांना न नेणं शक्य नव्हतं. त्यांनी सुरुवात केली. केंद्रीय मोटार वाहन नियम १००, पुढच्या-मागच्या काचेतून सत्तर टक्के उजेड आणि बाजूच्या काचेतून पन्नास टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्म काढायला लावल्या, तेव्हा सोसायटीतल्या गाड्यांच्या फिल्म यांनी स्वतः उभं राहून काढून घेतल्या होत्या. "पण हा नियम काचेला आहे. इथे काचच नाही." पोलिसाने काकांकडे पाहिलं, मग भाऊंच्या एका डोळ्याकडे पाहिलं आणि हात केला. त्याला नेमकं काय पटलं हे कळायला मार्ग नाही. काका मात्र मुद्दा पटला असंच सांगतात.

नाना पेठेतला काचवाला हा काकांच्या जुन्या ओळखीचा मुलगा, म्हणजे आमच्या सोसायटीतल्या आधीच्या सगळ्या फुटलेल्या काचा त्याच्याकडेच गेलेल्या. त्याने दोन काचा दाखवल्या, एक कंपनीची आणि एक लोकल. काकांनी चष्मा कपाळावर सारून दोन्हींच्या कोपऱ्यातला शिक्का वाचला. तिथे आयएसआयचा मार्क असतो, काच बनवणाऱ्याचं नाव असतं, आणि काच कोणत्या साली, कोणत्या महिन्यात बनली हे आकड्याने नि ठिपक्यांनी दिलेलं असतं. उद्या गाडी विकायला काढलीस की चांगलं गिऱ्हाईक सगळ्या दारांचे शिक्के बघतं. एक वेगळा दिसला की भाव पाडतं. कंपनीची काच घेतली गेली.

बसवायला काचवाला दुसऱ्या दिवशी सोसायटीत आला. हे त्याने आपणहून केलं नाही. काच दाराला लावण्याचं काम आपल्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे अशी काकांची अट होती. त्याने दाराचा पॅड खोलला आणि आतून ओंजळभर दाणे पडले. खालच्या पाणी जायच्या भोकांत दाणे अडकले तर पावसाचं पाणी दारातच साचतं, म्हणून ती भोकं काकांनी विणायच्या सुईने मोकळी करायला लावली. सुई आजींची. सीटच्या रुळांत, बेल्टच्या खाचेत, गालिच्याखाली व्हॅक्यूम फिरला. "तरी दिवाळीपर्यंत दाणे सापडत राहणार," काका म्हणाले, आणि हे सांगताना ते इतके समाधानी दिसले की मुलाला त्यांना चहा विचारावाच लागला.

रबर बसवायच्या आधी काचवाला कोपऱ्यावर चहाला गेला. फोन बॉनेटवरच राहिला. अर्धा तास झाला, तो येईना. काकांनी आपला फोन काढला आणि त्याला लावला. बॉनेटवर फोन थरथरू लागला. आम्ही दोघेही वाकलो. पडद्यावर ठळक अक्षरांत नाव आलं होतं: 'पंचनामा उचलू नको'.

मी आणि मुलगा एकमेकांकडे बघायचं टाळत उभे. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, ते सावकाश वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि फोन बंद करत म्हणाले,

"बरोबर आहे. काम चालू असताना फोन उचलूच नये. शिस्तीचा मुलगा आहे."