हब निवडण्याची सोपी कृती

साहित्य : एक डोंगर (सह्याद्रीतला असावा, पावसाळ्यात भिजलेला असल्यास उत्तम). एक सायकल. १५ आणि १७ मिलिमीटरचे पातळ पाने. ग्रीस. जुनं बनियन. काठ असलेलं एक ताट. ताट पूजेचं घेऊ नये. प्रस्तुत लेखकाने एकदा घेतलं होतं.

डोंगरी सायकलची चाकं घ्यायला निघालेला माणूस टायर दाबून बघतो, रिमवर टिचकी मारतो, रंगाकडे तर फार वेळ बघत राहतो. हबकडे त्याचं लक्ष जात नाही. बैलगाडीच्या चाकात आरे ज्या लाकडी गड्ड्यात ठोकलेले असतात त्याला तुंबा म्हणतात. हब म्हणजे सायकलचा तुंबा. गाडीवानाला चाकाची कुरकुर ऐकूनच कळायचं की वंगण संपलं, आणि गाडीखाली टांगलेल्या डबड्यातून तो ते घालायचा. आपण मात्र ‘सील्ड’ हा शब्द वाचतो आणि तीन वर्षं निर्धास्त झोपतो.

पायरी पहिली : आवाजाच्या प्रेमात पडा

दुकानात जाऊन मागचं चाक उचला आणि जोरात फिरवा. टर्रर्र. हा आवाज फ्रीहबमधून येतो. आत एक दातेरी कडं असतं आणि त्यावर स्प्रिंगच्या जोराने टेकलेल्या तीन-चार छोट्या खिट्ट्या. पेडल मारलं की खिट्टी दात्यात अडकते आणि चाक ओढते. पेडल थांबलं की ती दात्यांवरून टकटकत घसरते. कारागीर या खिट्टीला कुत्रा म्हणतात.

हब जितका जास्त भुंकेल तितका तो भारी, असा नवशिक्यांचा समज असतो. इंग्लंडात लँकेशायरमधल्या बार्नोल्ड्सविक गावी होप कंपनीचे हब बनतात. ते भुंकण्याबद्दल प्रसिद्ध आहेत आणि टिकाऊही आहेत, त्यामुळे हा समज आणखी पक्का होतो. पण अमेरिकेतल्या ऑनिक्सच्या हबात कुत्रेच नाहीत. तिथे स्प्रॅग क्लच काम करतो, चकार शब्द न काढता. आवाज कशावर ठरतो? स्प्रिंग किती कडक, आत ग्रीस किती, कवच किती पोकळ, यावर. पाच वर्षं शांत असलेला हब एकाएकी मोठ्याने बोलू लागला तर त्याला बळ आलेलं नसतं, त्याचं ग्रीस वाळलेलं असतं. भुंकणारं कुत्रं चावत नाही ही म्हण इथे शब्दशः खरी ठरू शकते. चढावर उभं राहून जोर लावताना कुत्रा चावला नाही, तर सायकलच्या वरच्या दांड्याशी आपली जी भेट होते तिचं वर्णन कौटुंबिक मासिकात करता येत नाही.

पायरी दुसरी : आकडे पाठ करा

कट्ट्यावर मान हवा असेल तर ‘एंगेजमेंट’ हा शब्द दर तिसऱ्या वाक्यात आला पाहिजे. (घरी जपून वापरा. आमच्याकडे यावरून एक फोन गावाला जाऊन आला.) अर्थ साधा आहे : पेडल मारल्यापासून हब पकडेपर्यंत किती अंश वाया जातात. ३६० ला पकडीच्या जागांनी भागायचं. ३६ जागा असतील तर १० अंश, ख्रिस किंगच्या ७२ जागा म्हणजे ५ अंश, इंडस्ट्री नाइनच्या हायड्रा हबच्या ६९० जागा म्हणजे जेमतेम अर्धा अंश.

आता एक हिशेब जो कट्ट्यावर कुणी करत नाही. पुढे ३२ दात्यांची चकती आणि मागे सगळ्यात मोठी ५१ ची असेल, तर हबातले १० अंश पेडलवर सुमारे १६ होतात. मागे ११ ची चकती घेतली की तेच साडेतीनच्या आत येतात. म्हणजे फरक जाणवतो तो दगडधोंड्यांच्या खड्या चढावर, जिथे पेडल अर्धं मागे घेऊन पुन्हा मारावं लागतं. बाकी वेळी ६९० काय आणि ३६ काय. उलट मागच्या चाकाला सस्पेन्शन असेल तर फार तत्पर हब खड्ड्याखड्ड्याला पेडलमधून पायाला हिसका देतो. स्वित्झर्लंडातल्या बील गावच्या डीटी स्विस कंपनीचा ३५० नावाचा हब कित्येक वर्षं १८ दात्यांच्या रॅचेटसह, म्हणजे २० अंशांच्या सुस्तीसह विकला गेला आणि लोकांनी त्यावर जग पालथं घातलं. त्यात कुत्रे नाहीत. एकमेकांसमोर दाते केलेल्या दोन चकत्या आणि त्यांना दाबणाऱ्या दोन स्प्रिंगा, बस्स. बाजूची टोपी हाताने ओढली की सगळा संसार तळहातावर येतो, पान्याची गरज पडत नाही. पुढेमागे ५४ दात्यांच्या चकत्या घालाव्याशा वाटल्या तर घालता येतात.

मी स्वतः आकड्यांच्या नादात एक हब घेतला होता. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे जे झालं ते मी केलं. तो उघडून साफ केला आणि प्रेमाने कुत्र्यांवर बेअरिंगचं घट्ट ग्रीस थापलं. कुत्र्यांना पातळ तेल किंवा अगदी हलकं ग्रीस लागतं, हे वाचायचं राहिलं होतं. डिसेंबरातली पहाट, पानशेतच्या बाजूचा चढ, आणि पेडल दोन्ही दिशांना सारखंच मोकळं फिरू लागलं. कुत्रे ग्रीसमध्ये चिकटून गाढ झोपले होते. शेवटी मोठी चकती प्लास्टिकच्या पट्ट्यांनी स्पोकांना बांधली. हा उपाय खरा आहे आणि त्याने घरी पोचता येतं, पण मग चाक फिरतं तोवर पेडलही फिरत राहतं. उतारावर माझे पाय माझे राहिले नव्हते.

पायरी दीड

ही आधी यायला हवी होती. कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळ २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकलींवरून जंगलातल्या कच्च्या उतारावर शर्यत लावली. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही नंतर गाजलेली नावं त्या मंडळींतलीच. दोन मैलांच्या आत सुमारे १,३०० फूट खाली. त्या सायकलींना उलटं पेडल मारून लागणारा, हबाच्या आतच बसवलेला ब्रेक होता. खाली येईपर्यंत तो इतका तापायचा की ग्रीस धूर होऊन उडून जायचं, आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. इंग्रजीत त्याला रिपॅक करणं म्हणतात. त्या उताराचं नाव रिपॅक पडलं. डोंगरी सायकलिंगच्या पहिल्या नावाजलेल्या शर्यतीला ना डोंगराचं नाव मिळालं ना जिंकणाऱ्याचं. तिला हबाच्या दुरुस्तीचं नाव मिळालं. आपल्याकडे दुकानावरच्या पाटीत ओव्हरहॉलिंगचं ‘ओव्हरऑइलिंग’ झालं, तेही याच जातीचं शहाणपण म्हणायचं.

पायरी तिसरी : बेअरिंग, म्हणजे खरा मुद्दा

दोन पंथ आहेत. पहिला कप-कोनवाला. सुटे छर्रे, त्यांना धरणारा कप आणि वरून आवळायचा कोन. शिमानोने हा पंथ इमानाने चालवला. छर्रे स्वस्त मिळतात, पान्यांची जोडी पुरते आणि ढिलेपणा काढता येतो. कोन आवळताना केसभर डुगडुग ठेवावी लागते, कारण चाक फ्रेममध्ये बसवून क्विक रिलीजचा खटका दाबला की अ‍ॅक्सल किंचित दबतो आणि ती डुगडुग नाहीशी होते. हे एकदा हाताला कळलं की कळलं. मला अकरा वेळा लागल्या. या पंथाचा एक शाप आहे. ग्रीस संपूनही चालवत राहिलात आणि कपला खड्डे पडले, तर कोन बदलता येतो, छर्रे बदलता येतात, पण कप बहुतेक हबांत बदलता येत नाही. मग हब गेला, आणि त्याबरोबर अख्खं चाक पुन्हा विणणं आलं.

दुसरा पंथ कार्ट्रिज बेअरिंगचा. खराब झालं की ठोकून काढायचं आणि नवं दाबून बसवायचं. हबाचं कवच शाबूत राहतं. यात नवशिक्याने एकच प्रश्न विचारावा, आणि विक्रेत्याची मान खाली जाईपर्यंत विचारत राहावं : आतल्या बेअरिंगचे नंबर काय?

कारण नंबर कळला की तुमचा हब सायकलच्या दुकानातून सुटतो. ६९०२ हा नंबर घ्या. शेवटचे दोन आकडे भोक सांगतात : ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे सरळ पाचने गुणा. ६९०२ आणि ६००२ दोघांचंही भोक १५ चं. पण पहिल्याचा बाहेरचा व्यास २८, दुसऱ्याचा ३२. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘सायकलच्या हबचं बेअरिंग द्या’ म्हणालो. काउंटरमागच्या काकांनी चष्म्यावरून बघितलं.

“सायकलचं मला ठाऊक नाही. नंबर बोला.”

“सहा-नऊ-शून्य-दोन.”

“आरएस का झेडझेड?”

मी गप्प. काका उठले आणि दोन पुड्या समोर ठेवल्या. “झेडझेडला पत्र्याचं झाकण, आरएसला रबराचं. पाण्यात नेणार का?”

“पावसात चालवतो.”

“पावसात चालवता,” काकांनी नुसतं परत म्हटलं, आणि रबराची पुडी पुढे सरकवली. दोन्ही बाजूंना रबर हवं तर २आरएस मागायचं, हे त्यांनी सुटे पैसे परत देताना सांगितलं. एवढी तंत्रशुद्ध शिकवणी मला सायकलच्या चकचकीत दुकानात कधी मिळाली नव्हती.

तेव्हा हबची जी जाहिरात बेअरिंगचे नंबर सांगते तिच्यावर अर्धा विश्वास ठेवायला हरकत नाही. जी ‘खास आमच्यासाठी बनवलेलं बेअरिंग’ म्हणते तिला लांबून नमस्कार. खास बेअरिंग खास वेळीच बसतं, बहुधा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि ते बोटीने येतं.

पायरी चौथी : मापं

मापं न बघता हब घेतला तर तो कपाटातल्या शोभेच्या वस्तूंत छान दिसतो. पूर्वी पुढे १०० आणि मागे १३५ मिलिमीटर रुंदी असायची. मग मागे जाड आरपार अ‍ॅक्सल आला आणि १३५ चे १४२ झाले. त्यानंतर कंपन्यांना साक्षात्कार झाला की आणखी ६ मिलिमीटरशिवाय डोंगर चढताच येत नाही; म्हणून मागे १४८, पुढे ११०, आणि त्याला बूस्ट हे नाव. आपली फ्रेम कोणत्या साक्षात्काराच्या काळातली आहे ते मोजपट्टीने बघा. डिस्क सहा स्क्रूंची की सेंटरलॉक, तेही बघा.

स्पोकची भोकं ३२ असावीत, आणि स्पोक वाकड्या डोक्याचे, इंग्रजी जे अक्षरासारखे. सरळ स्पोकचे हब देखणे असतात, पण लोणावळ्यात रविवारी दुपारी स्पोक तुटला की आउट काढणाऱ्याच्या डब्यात वाकड्या डोक्याचाच सापडतो.

कॅसेट ज्यावर चढते तो फ्रीहबचा ड्रम हलका म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा देतात. सुट्या चकत्या त्यात करवतीसारख्या रुततात आणि वर्षभराने कॅसेट काढायला हातोडी लागते. पोलादी ड्रम थोडा जड असतो. असू दे. हब चाकाच्या अगदी मध्यावर असतो. तिथले शंभर ग्रॅम पायाला जाणवत नाहीत, रिम-टायरचे जाणवतात. आणि तुमच्या ‘एमटीबी’ लिहिलेल्या स्वस्त सायकलला जर आट्यांवर फिरवून बसवायचं जुनं फ्रीव्हील असेल, तर त्या हबावर पैसे घालू नका. त्यात उजवीकडचं बेअरिंग फार आत असतं, अ‍ॅक्सलचं टोक आधाराविना लोंबतं आणि दोन-चार उड्यांत वाकतं. फ्रीहबच्या रचनेत ते बेअरिंग बाहेरच्या टोकाला आलं, म्हणून तर ती टिकली.

पायरी पाचवी : घरी आणून उघडा

नवा असतानाच. हो, नवाच. दोन बोटांत अ‍ॅक्सल धरून सावकाश फिरवा. वाळू दळल्यासारखं लागलं तर दुकान अजून उघडं आहे. कोन कारखान्यातून बरेचदा करकचून आवळलेले येतात आणि ग्रीस हातचं राखून घातलेलं असतं. जो हब तुम्हाला घरी बसून उघडता आणि पुन्हा लावता आला तो तुमचा. बाकीचे भाड्याने राहतात. पाऊस संपला की एकदा उघडायचाच, मग तो कितीही ‘सील्ड’ असो. मोटरसायकल धुणाऱ्या जोरदार फवाऱ्याखाली तो धरू नका, कारण तो फवारा रबराच्या ओठातून चिखल थेट छर्ऱ्यांपर्यंत पोचवतो.

कप-कोनचा असेल तर ताट खाली धरून मगच अ‍ॅक्सल ओढा. मागच्या हबात साधारणतः एका बाजूला ९, म्हणजे एकूण १८ छर्रे, पाव इंचाचे. बनियनने पुसून मोजा. १७ भरले तर पुन्हा मोजा. पुन्हाही १७ च भरले तर अठरावा कपाटाखाली गेला आहे. कपाट एकट्याने सरकत नाही, घरातलं दुसरं एक माणूस लागतं, तेही रविवारी सकाळी आणि चांगल्या मनःस्थितीतलं. साहित्यात ते लिहायचं राहिलं.