एकटेच?

आमच्या आंबेगाव-जुन्नरकडे माणसाने एकट्याने करायची कामं मोजकी आहेत. कोर्टाची तारीख, तलाठ्याकडचा हेलपाटा आणि रात्री लाइट आली की उसाला पाणी धरायला जाणं. यातलं शेवटचंही आता दोघांनी करायचं असतं, कारण उसात बिबट्या असतो आणि एकटं फिरू नका, असं खुद्द वनखातंच सांगतं. बाकी सगळं, म्हणजे लग्न, मयत, बाजार, देव आणि दवाखाना, जीप भरून. त्यातून आमचं निरगुडसर हे दिलीप वळसे पाटलांचं गाव. पुढारी आणि एकटा, हे दृश्य आमच्याकडच्या शेंबड्या पोरानेही पाहिलेलं नाही.

त्यामुळे भाची जपानला एकटी गेली, ही बातमी घरात दबक्या आवाजात सांगितली गेली. कंपनीने पाठवलं असेल, अशी सगळ्यांनी स्वतःची समजूत घातली. पण पोरगी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या रजेत गेली होती आणि बोटीत बसून नाओशिमा नावाच्या बेटावर उतरली होती. बेटाची वस्ती जेमतेम तीन हजार. उत्तरेला १९१७ पासूनचा तांबं गाळायचा कारखाना आणि दक्षिणेला संग्रहालयं. तादाओ आंदो या वास्तुविशारदाने त्यातलं एक संग्रहालय २००४ साली चक्क जमिनीत पुरलं, वरून उजेड आत सोडला आणि त्या उजेडात मोने या चित्रकाराची कमळं टांगली. आत जायची वेळ आधी ठरवून घ्यायची, आत फोटो काढायचा नाही. भाचीने लिहिलं, "मामा, इथे दिवसभरात माझ्याशी कोणीही बोललं नाही. इतकं छान वाटतंय!"

हे मोठ्याने वाचून दाखवल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "आजारी पडलीय का ती?"

मग फोटो आले. धक्क्याच्या टोकाला, समुद्राला पाठ लावून बसलेला एक प्रचंड पिवळा भोपळा, अंगभर काळे ठिपके. यायोई कुसामा या बाईंनी तो १९९४ साली केला. ऑगस्ट २०२१ च्या वादळात तो समुद्रात वाहून गेला, फुटला आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात तिथे नवा आणून बसवला. शेजारच्या आप्पांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ न्याहाळला. "डांगर चांगलं पोसलंय," ते म्हणाले. "पण हे ठिपके करप्याचे आहेत. फवारणी चुकली."

नंतर जेवणाचे फोटो. तो सगळा प्रांत उदोनसाठी प्रसिद्ध. उदोन म्हणजे रश्शात सोडलेल्या गव्हाच्या जाडजूड शेवया. त्या भुरके मारत खायच्या, आवाज झाला तरी चालतो. एवढ्या एका बातमीने जपानविषयी आमच्या घरात आपुलकी निर्माण झाली. आणि एका बशीत भाताच्या गुंडाळ्या, मध्ये मासा, कापून मांडलेल्या. सौभाग्यवतींनी तत्काळ निकाल दिला, "ही मासवडीच की. शिजवायची राहिलीय."

त्याच क्षणी मी ठरवलं की आपणही एक दिवस असा काढायचा. एकट्याने निघायचं, कला बघायची, खायचं, कोणाशी बोलायचं नाही. बेट नाही, पण तालुका आहे. किंबहुना दोन आहेत.

"कुठं निघालात?"

"जुन्नर. लेणी बघायला."

"कोणाबरोबर?"

"एकटाच."

यावर ज्या नजरेने पाहिलं गेलं, त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. "लेणी काय पळून चाललीत? सुट्टीत पोरं आली की सगळे जाऊ." मग जरा थांबून, "खरं सांगा, डॉक्टरकडे चाललाय का?"

फाल्गुन संपत आला होता. मंचरपर्यंत जीप, तिथून नारायणगाव, तिथून जुन्नर, असा खंडित प्रवास झाला. प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी शेजारी सरकून विचारत होतं, "एकटेच?" मी "हो" म्हणालो की समोरच्याच्या चेहऱ्यावर सुतकी भाव यायचा. मंचरपुढे एका आजोबांनी तर माझ्या हातात दोन केळी ठेवली आणि बाहेर बघत बसले.

जुन्नरच्या भोवती डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी दुसरीकडे सापडत नाहीत, पण आम्ही गिरिजात्मजाच्या दर्शनाला लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतो, माकडांपासून प्रसाद वाचवतो आणि खाली येऊन उसाचा रस पितो. लेणी तेवढ्यात झाली असं धरून चालतो. मला तुळजा लेणी पाहायची होती. जुन्नरच्या पश्चिमेला, पाडळीकडे. वाटेत शेरडं घेऊन एक आजी बसल्या होत्या.

"बाकीची मागं राहिली का?"

"बाकीचं कोणी नाही. मी एकटाच."

आजींनी मला खालून वर पाहिलं आणि हाक मारली, "ए, जा रं, पाव्हण्यांना लेणी दाव." झाडावरून दहा-अकरा वर्षांचा नातू उतरला. खिशात कैऱ्या, हातात मिठाची पुडी. माझं मौनव्रत इथे सुटलं, कारण मीठ लावलेली कैरी कोणी पुढे केली की काहीतरी बोलावंच लागतं.

तुळजा लेण्यातलं चैत्यगृह गोल आहे. एरवी चैत्यगृह लांबट असतं, टोकाला अर्धगोल. इथे मात्र मधोमध स्तूप, भोवती बारा अठपैलू खांबांचं कडं आणि वर कातळातच कोरलेला घुमट. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचं काम. खांबांवर नक्षी नाही, तळाशी घट नाही, माथ्यावर हत्ती-घोडे नाहीत. सरळ धारा, बस्स. उन्हातून आत आलं की आधी काही दिसत नाही. मग हळूहळू एकेका खांबाच्या कडा उमटायला लागतात, एक पैलू उजळ, शेजारचा काळा, आणि आपण चालू लागलो की ते उजळ-काळे पैलू जागा बदलतात. मी तीनदा प्रदक्षिणा घातली. आंदोंनी सिमेंट-काँक्रीट ओतून उजेड पकडला, त्यांचा आदरच आहे; पण इथल्या कारागिराला एक छिन्नी चुकली असती तर खांब पुन्हा ओतायची सोय नव्हती.

एवढ्यात पोराने तोंडाशी हात धरून "ओऽऽ" केलं. घुमट घुमला. "आता तुम्ही करा," तो म्हणाला. नाओशिमात असं केलं असतं तर हद्दपार केलं असतं. मी आजूबाजूला पाहिलं आणि केलं.

इथे एका गृहस्थाची ओळख करून द्यायला हवी. जुन्नरच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीत, प्राकृतात कोरलेले दानलेख आहेत आणि त्यांतल्या तिघा दात्यांनी स्वतःला यवन म्हणवलं आहे, म्हणजे पार परदेशची माणसं. कल्याण-सोपाऱ्याला बंदरात उतरलेला माल नाणेघाटाने वर जुन्नरात येई, त्या वाटेने ही मंडळी आली असणार. एकाने पाण्याची दोन टाकी दिली, एकाने लेण्याचं दर्शनी काम करून दिलं. तिसऱ्याचं नाव चित. या चिताने संघाला काय द्यावं? भोजनमंडप! अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून माणूस जुन्नरला आला, कला पाहिली, आणि पैसे खर्चले ते जेवणाच्या जागेवर. मला हा माणूस एकदम आपल्यातला वाटला. आणखी एक गंमत म्हणजे लेखात तो नुसता चित नाही, 'गतांपैकी' चित आहे. हे गत कोण, यावर विद्वान अजून भांडतात. ते भांडोत. आपल्याला एवढंच कळतं की दान द्यायच्या वेळी त्यानेही आपला जथा नावाला जोडला.

भोजनमंडपाच्या विचाराने भूक लागली आणि मी नारायणगाव गाठलं. आधी मासवडी असा बेत होता, पण वाटेत राहुट्या लागल्या. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या इथे ओळीने पडतात आणि गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. ज्या तिथीला जत्रा जास्त, त्या तिथीचा भाव चढा. हे गाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झालेली बाई. खेळ चालू असताना कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाली आणि पुन्हा नाचायला उभी राहिली, हे इथली म्हातारी माणसं आजही सांगतात आणि सांगताना आवाज खाली आणतात. २००२ साली त्या गेल्या. मोनेच्या कमळांसमोर गप्प उभं राहायचं असेल तर इथेही राहायला हरकत नाही.

मी गप्प राहू पाहत होतो, पण एका राहुटीतून मॅनेजरने हाक मारली. "या, बसा. गाव कोणतं?"

"निरगुडसर."

"तारीख?"

"तारीख नाही. नुसतं बघायला आलोय."

वहीवरचं पेन थांबलं. "बाकीची कमिटी?"

"एकटाच आहे."

मॅनेजर पुढे झुकला. "गावात दोन पार्ट्या पडल्यात का?"

मी नाही नाही म्हणेपर्यंत चहा आला, आणि शेजारच्या बाकावरचे, आमच्याच पट्ट्यातल्या एका गावचे तिघे जण आस्थेने माझ्याकडे वळले. तंटा मिटवायच्या दोन-तीन युक्त्या त्यांनी सांगितल्या. तंटा नव्हता, पण युक्त्या चांगल्या होत्या.

खानावळीत मी कोपऱ्यातलं टेबल धरलं. पोऱ्या म्हणाला, "बाकीचे आल्यावर ऑर्डर घेऊ?" उत्तर द्यायच्या आत राहुटीतले ते तिघे आत शिरले आणि माझ्याच टेबलावर बसले. बाकीचे आले होते.

मासवडीत मासा नसतो, हे बाहेरच्या माणसाला दरवेळी सांगावं लागतं. बेसन पिठल्यासारखं घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर गरम असतानाच थापायचं. इथे हात भाजतो आणि भाजलाच पाहिजे. त्यावर तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचं भाजून कुटलेलं सारण. मग फडक्याच्या कडेने गुंडाळी करून, दाबून तिला माशाच्या पाठीसारखा उंचवटा द्यायचा आणि वड्या पाडायच्या. कापलेल्या तोंडाशी बाहेर पिवळा काठ, आत काळसर सारण, वर तेलाचा तवंग आलेला रस्सा. सोबत बाजरीची भाकरी. पहिल्या भुरक्याला तिघांचे आणि माझे आवाज एकदमच निघाले.

रश्श्यावरून वाद झाला, दोनदा वाढून घेतला, नाक पुसलं. मग त्यांच्यातल्या पोक्त माणसाने खिशातून पावतीपुस्तक काढलं.

"निरगुडसरचे म्हणजे आमचे पाव्हणेच तुम्ही. आमच्या जत्रेची पावती फाडतो. आणि आता यष्टीच्या नादी लागू नका, पिकअपमध्ये मागं जागा आहे, गावापाशी सोडतो. अंधारात उसाकडेनं एकटं जायचं नाही." त्याने पेनचं टोपण दातांनी उघडलं, माझं नाव लिहिलं आणि मान वर केली. "पुढं 'सहपरिवार' लिहू का 'आणि मित्रमंडळ'?"