पिवळा ताप, मुक्काम साक्री

तीस वर्षं मी साक्रीच्या पोरांना आफ्रिका शिकवली. फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा डोळे मिटून काढायचो; पोरं म्हणायची, सर डोळे उघडून काढतात तेव्हाच तो बिघडतो. गवताळ प्रदेश, विषुववृत्त, किलिमांजारो, सगळं तोंडपाठ, आणि स्वतः कधी सुरतेच्या पलीकडे गेलो नव्हतो. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा मुलगा म्हणाला, "नाना, आता एकदा बघूनच या." बायकोने लगेच होकार भरला. तिला सिंह बघायचा नव्हता. सिंहासमोर मी कसा दिसतो ते बघायचं होतं.

कारण मी भित्रा. गल्लीत बोकड आडवा उभा असला तर भाजी न घेता घरी परततो. आमच्या पिंपळनेर पट्ट्यात उसात बिबट्या निघतो, म्हणजे मोठं जनावर फुकटात बघायची सोय घराजवळच आहे. पण त्याच्या आणि माझ्या मधे जीप नसते. केनियात असते. त्या जीपसाठीच मी पैसे मोजायला निघालो होतो.

सोबत जिभाऊ आणि वहिनी. महिना ऑगस्टचा धरला, कारण जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्टचे कळप टांझानियाच्या सेरेंगेटीतून मसाई मारात आलेले असतात. व्हिसाची भानगड केनियाने जानेवारी 2024 पासून काढून टाकली. ऑनलाइन परवानगी घ्यायची, झालं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग कोणीतरी म्हणालं, पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते.

हा रोग आपल्या देशात नाही. पण तो पसरवणारा डास, तोच तो डेंग्यूवाला, आपल्याकडे गावोगाव आहे. म्हणून लस न घेता तिकडून परतणाऱ्याला सहा दिवस अलग ठेवू शकतात. लस ठरावीक सरकारी केंद्रांवरच मिळते आणि जायच्या किमान दहा दिवस आधी टोचावी लागते. आम्हाला तारीख मिळाली मुंबईची. तिथे रांगेत कोणीतरी सांगितलं, की ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. जिभाऊ माळकरी. त्यांनी तुळशीची माळ शर्टाच्या आत ढकलली, विठ्ठलाचं नाव घेतलं आणि दंड पुढे केला. मला इंजेक्शनची भीती वाटते हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही पडली नाही, नर्सबाईंनी मला आधीच आडवं केलं होतं.

परत आल्यावर माझ्या हातून एकच चूक झाली. दाढी करताना न्हाव्याने विचारलं, "सर, मुंबईला कशाला?" मी फेसातून बोललो, "पिवळ्या तापाचं होतं."

साक्रीत पिवळं म्हणजे एकच. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, सरांना कावीळ झाली, मुंबईला दाखवून आले, तिथल्यांनी परत पाठवलं. त्यात या लसीने काहींना चार-दोन दिवस कसकस येते, अंग दुखतं. मी त्या काहींत निघालो. लोक आले तेव्हा मी चादर ओढून पडलेलो. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

शेजारच्या अण्णांनी न विचारता माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि मान हलवली. कोणी उसाचा रस आणला, कोणी भाजलेले चणे, कोणी मुळ्याचा पाला. मी लसीचं पिवळं कार्ड दाखवून समजावत होतो, "अहो, ही लस आहे!" लोक कार्डाचा रंग बघून आणखी हळहळत होते. एकाने काविळीचा उतारा करणारा आणला. परातीत चुन्याचं पाणी, त्यात माझे हात चोळले, पाणी पिवळं झालं. "बघा, निघाली!" मला काही झालेलं नाही हे पक्कं ठाऊक असून मी त्या पाण्याकडे बघून घाबरलो. माझी बायको! तिला सगळं माहीत. तरी पाहुण्यांना शेवभाजी वाढली आणि मला मुगाची खिचडी. म्हणाली, "त्यांच्यासमोर बरं दिसत नाही."

तिसऱ्या दिवशी दहिवेलहून मावशी आली. ऐंशीच्या पुढची, एकटी, एसटीने. पिशवीत मुळे आणि काविळीची माळ. ती डोक्यावर ठेवतात, आजार उतरतो तशी लांब होत गळ्यात येते म्हणे. मी तिला खरं सांगितलं. मला वाटलं रागावेल. ती पदर तोंडाला लावून खूप हसली. मग म्हणाली, "तठे गुरं शेतस का रे?"

मी सांगितलं, बारा-तेरा लाख. पाऊस आणि गवत जिकडे, तिकडे वर्षभर गोल फिरतात. मगरींच्या नदीतून पोहून जातात.

"त्यासले कोन हाकस?"

"कोनीच नई."

ती गप्प झाली. तिने जन्मभर ठेलारी मेंढपाळांना पावसाळा सरला की मेंढरं घेऊन जाताना पाहिलंय. कोकरू थकलं तर ते खांद्यावर घेतात. नदीत वाहून गेलेलं वासरू कोणाचंच नसतं, हे मला तीस वर्षं शिकवताना एकदाही सुचलं नव्हतं. निघताना तिने माळ माझ्या हातात ठेवली. "ऱ्हाऊ दे. ताप तठेच शे ना?"

याला उत्तर नव्हतं. ताप खरंच तिथेच होता.

ऑगस्टमध्ये आम्ही जाऊन आलो. सिंह दिसला, झोपलेला होता. मी जीपमध्ये मधल्या सीटवर होतो. परतताना मुंबई विमानतळावर आरोग्य खात्याच्या माणसाने पिवळं कार्ड मागितलं, ते बघितलं, शिक्का मारला. माळ त्याच पाकिटात होती, ती त्याने मला परत दिली.