वडीची मोजदाद

श्रीखंड हे मूळचे बेहिशेबी पक्वान्न आहे. पातेल्यातून कोणी दोन चमचे परस्पर लांबवले, तरी वरचा थर पळीने सारखा करताच गुन्ह्याचा मागमूस उरत नाही, आणि गृहस्वामिनीस संशय आला तरी पुरावा सापडत नाही. परंतु त्याच चक्क्याची साखर घालून, आटवून वडी केली, की तिला आकार, संख्या आणि दप्तर ही तिन्ही एकाच वेळी प्राप्त होतात. म्हणूनच पाडव्याला उरलेल्या चक्क्याच्या वड्या करण्याचे फर्मान आमच्या आत्यांकडून सुटले, की कळंब्याच्या आमच्या घरातील पुरुषवर्ग आणि बालवर्ग अंमळ चिंताक्रांत होतो.

कृती दिसायला सोपी. एका वाटी चक्क्यास दोन वाट्या साखर, जाड बुडाची कढई, मंद आच, आणि ढवळण्यासाठी घरातील सर्वांत निरुपयोगी माणूस, म्हणजे बहुधा प्रस्तुत लेखक. साखर पडताच इतका वेळ ताठ बसलेला चक्का एकदम पातळ होतो, आणि नवख्यास वाटते की सगळा ऐवज बुडाला. मग हळूहळू बुडबुडे जड होतात, मिश्रण कढईच्या कडा सोडू लागते, आणि त्या कडांवर साखरेची पांढरी रेघ धरते. या अवस्थेत हात क्षणभर विसावला, तर माजघरातून आवाज येतो, "अरे, हात हलवत राहा की! बुडाला लागलं बघ!" माजघरात बसून बुडाला लागल्याचे त्यांना कसे कळते, याचा उलगडा आजतागायत झालेला नाही.

अमेरिकेतही याच जातीचा एक पदार्थ आहे, फज नावाचा. व्हॅसार या मुलींच्या महाविद्यालयात १८८८ साली एमलिन हार्ट्रिज या विद्यार्थिनीने लिलावासाठी त्याचे तीस पौंड तयार केले होते. तिकडे पाक ११५ अंश सेल्सिअसच्या आसपास आला, की कढई उतरवतात, व त्यासाठी खास उष्णतामापक बाळगतात. आमच्याकडे आत्या आहेत. थेंबभर मिश्रण बशीत टाकून, बोटांनी त्याची गोळी वळते का ते पाहून त्या "झालं" म्हणतात, आणि त्या निर्णयावर अपील नाही. मग वेलदोडा, केशर, उतरवून घोटणे, म्हणजे साखर बारीक कणांनी धरते, आणि तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडाने थापणे. वड्या कोमट असतानाच कापायच्या. गार झाल्यावर सुरी चालवली तर वडीचा भुगा होतो, आणि भुग्याची मोजदाद करता येत नाही, हे आत्यांना मुळीच खपत नाही.

आमच्या गावाची ख्याती तलावाची आणि मध्यवर्ती कारागृहाची. त्या कारागृहातील बंदिजनांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडूही वळलेले आहेत. तेव्हा मिष्टान्न आणि हजेरीपट यांची सांगड इकडच्या पाण्यातच असावी. आत्या वड्या मोजून डब्यात भरतात, झाकण लावण्यापूर्वी आकडा मोठ्याने उच्चारतात, आणि संध्याकाळी पुन्हा मोजतात.

तथापि कायद्यात एक फट आहे, ती ताटाच्या गोलाईची. गोल ताटात चौकोनी वड्या पाडल्या, की कडेने त्रिकोणी, वाकडेतिकडे तुकडे उरतात. त्यांची दप्तरी नोंद होत नाही, आणि ढवळणाराची मजुरी म्हणून ते त्याच्या पदरात पडतात. माझ्या मते या पदार्थाची खरी गोडी याच तुकड्यांत आहे, कारण ते गरम असतात आणि कोणास जबाबदार नसतात. मध्यंतरी घरातील सुधारकांनी चौकोनी ट्रे आणण्याची तजवीज चालवली होती. त्यात कड म्हणून काही उरतच नाही! मी आणि मुलांनी मिळून ती सूचना हाणून पाडली.

ज्यांच्या घरी असा ट्रे अद्याप आलेला नाही, त्यांनी तो कृपया आणू नये.