काचेची बोडी कशी राखावी

गोंदिया जिल्ह्यात मासे पाळायला टाकी विकत घ्यावी लागते, हेच मुळात नवल. गावोगाव मामा (माजी मालगुजारी) तलाव, शेताशेतात बोड्या म्हणजे छोटी तळी, आणि पाऊस चांगला झाला तर धानाच्या बांधीतसुद्धा मासा चढतो. तरीही दिवाणखान्यात टीव्हीशेजारी निळ्या दिव्याची टाकी नसेल तर हल्ली घर पुरं झालंसं वाटत नाही. अशा गृहस्थांसाठी पुढील मार्गदर्शन. ते सर्वमान्य पद्धतींवर आधारलेलं आहे. मासे जगतीलच असं आश्वासन त्यात नाही.

टाकी शक्यतो गोल बरणीची घ्यावी. टेबलावर शोभते, चार-पाच लिटर पाण्यात भागतं, आणि तोंड अरुंद असल्यामुळे हवेला पाण्यात शिरायला फारशी जागा राहत नाही. तीत गोल्डफिशची एक जोडी सोडावी. हा मासा वीतभर वाढतो म्हणतात, पण आपल्याकडे तेवढी वेळ येत नाही. इंग्लंडात यॉर्कशरमध्ये टिश नावाचा गोल्डफिश १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला आणि १९९९ पर्यंत जगला. त्रेचाळीस वर्षं! आपल्याला एवढं परवडणारं नाही. मुलगा दहावीत गेला की बरणी माळ्यावर जायची असते.

टाकी आणि मासे एकाच दिवशी आणावेत. काही चिकित्सक मंडळी म्हणतात की आधी चार-सहा आठवडे टाकी माशांविना, फिल्टर चालू ठेवून, रोज चिमूटभर खाणं टाकून मुरू द्यावी. कारण मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, आणि तो त्याचंच विष. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर सावकाश वस्ती करतात. पण पाहुणे रविवारी येणार, तोवर डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंची वाट कोण पाहणार?

चुकून वस्ती झालीच तर महिन्याच्या साफसफाईत ती उठवता येते. सगळं पाणी मोरीत ओतावं, खडे उकळत्या पाण्यातून काढावेत, स्पंज भांड्यांच्या साबणानं घासावा आणि टाकी थेट नळाखाली धरावी. गोंदिया शहराला डांगोर्लीहून वैनगंगेचं पाणी येतं, ते माणसांसाठी क्लोरीन घालून. माशाच्या कल्ल्यांना ते कसं लागतं हे त्याला सांगता येत नाही, म्हणून तक्रारही येत नाही. ज्यांना असली हौस नाही ते आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलतात, नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवतात किंवा दुकानातल्या अँटी-क्लोरीनचे थेंब घालतात, आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळतात. त्यांची टाकी कधी आरशासारखी लख्ख दिसत नाही. मासे मात्र वर्षानुवर्षं तेच असतात, हे त्यांच्याकडे जाणाऱ्याला खटकतं.

खाणं घरातल्या प्रत्येकानं घालावं, आणि एकमेकांना विचारू नये. आजी सकाळी मुरमुरे, मुलं शाळेतून आल्यावर दाणे, बाबा झोपण्याआधी पोळीचा कुस्करा. गोल्डफिशला जठर नसतं, त्यामुळे पोट भरलं असं तो म्हणणारच नाही. दोन मिनिटांत संपेल तेवढंच घालणारे लोक मनाने कोते असतात.

आता उन्हाळा. इथं खरी परीक्षा. मे महिन्यात गोंदियाचा पारा पंचेचाळिशीकडे जातो, कूलर माणसांकडे वळवलेला असतो आणि टाकी खिडकीतल्या उन्हात शोभत असते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३५ अंशांना तो ७ च्या आसपास येतो. माशाची गरज उलट वाढलेली. त्यात अमोनियाही गरम पाण्यात जास्त विखारी होतो. भर दुपारी वीज जाते, पंपाचे बुडबुडे थांबतात, आणि अर्ध्या तासात सगळे मासे वर येऊन पाण्याच्या कडेला ओठ टेकवून तोंडं उघडझाप करू लागतात. या वेळी मुलांना बोलावून ‘बघ, पप्पी देतोय’ म्हणावं आणि व्हिडिओ काढावा. मग्यानं पाणी काढून वरून धार सोडणं, बाहेरून ओला पंचा गुंडाळणं, त्या दिवशी खाणं बंद ठेवणं, असल्या बिनखर्चाच्या गोष्टी कुणी सुचवल्या तर हसावं. थेट फ्रिजमधला बर्फ टाकावा. तापमान झरझर उतरलं की मासा गळाठतो, आणि दबा धरून बसलेला परजीवी अंगावर चढतो. पंखांवर रवा शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागतात.

ठिपके दिसताच निळं औषध एकदाच घालावं आणि दुसऱ्या दिवशी ठिपके गेले नाहीत म्हणून दुकानदाराला बोलावं. हा परजीवी कातडीखाली असेपर्यंत औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तळाशी पडून, फुटून त्याची पिल्लं पोहू लागली की मगच ती मरतात. म्हणून उपचार आठवडाभर तरी नेटानं चालवावा लागतो. नेट हा शब्द आपण मोबाइलसाठी राखून ठेवला आहे.

सजावटीला प्लास्टिकची झाडं उत्तम. खरी वनस्पती अमोनिया शोषते, उजेडात प्राणवायू देते, पिल्लांना आडोसा होते. म्हणजे फुकटात एवढी कामं करते की संशय यावा. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला नवेगावबांध अठराव्या शतकापासून फिल्टरविना चालू आहे, तो अशाच झाडाझुडपांच्या जिवावर. पण तलावांनाही आपण टाकीचीच शिस्त लावली. बेशरमाची झुडपं माजू दिली, पाणवनस्पती नाहीशा होऊ दिल्या, आणि रोहू, कतला, मृगळची बोटुकली विकत आणून सोडली. स्थानिक मासा कमी झाला तेव्हा अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासोबत मासेमार ढिवर समाजाच्या बायकांनी तलावात उतरून बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि पावसाच्या तोंडाशी देशी पाणवनस्पती लावल्या. त्यात हायड्रिला होती, वॅलिसनेरियाही होती. हीच दोन नावं मत्स्यालयाच्या दुकानात छोट्या जुडीला चांगली किंमत लावून विकली जातात. दुकानातून घ्यावीत, तलावातून आणू नयेत. बायकांची मेहनत आहे ती.

एक सूचना मात्र सरळ. काचा साफ ठेवायला आणलेला सकर मासा टाकीत मावेनासा झाला, तर पुण्य म्हणून त्याला बोडीत सोडू नका. दक्षिण अमेरिकेतला हा प्राणी कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत आणि आंध्रच्या पाण्यात असाच कुणाच्या तरी टाकीतून पोचला. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या. मामा तलावात नको.